पट्टा बसेपर्यंत

“…तर मग सैल कोण पडले, बुवा? नियम की माणसे?”

नीलकंठाचा प्रश्न संपला. कपाळावरची शीर मात्र अजून उडत होती.

केवलपुरी बुवा मठाच्या ओसरीवर तांदूळ निवडत बसले होते. त्यांनी एक खडा उचलला, उन्हाकडे धरून पाहिला आणि बाजूला ठेवला.

“जीप कुठे आहे?”

“अंगणात. पट्टा तुटला.”

“कुठे तुटला?”

“इथेच. दरवाजातून आत शिरताना.”

“शहाणा पट्टा,” बुवा म्हणाले. “घाटात तुटला नाही.”

शेवरीघाटाच्या माथ्यावरचा हा मठ फार जुना. कोकणातून मीठ आणि नारळ भरलेल्या बैलगाड्या घाट चढत, तेव्हा मठात राखीव बैल असत. गाडी चढाला अडली, की गोसावी आपली जोडी तिच्यापुढे जुंपत आणि तिला माथ्यावर आणून सोडत. पुढे मोटारी आल्या. बैल गेले, अवजारे आली. उपनिषदे सांगणाऱ्या गोसाव्यांचे हात वंगणाने काळे होऊ लागले. नियम मात्र तोच राहिला : घाटात अडलेला पुढे गेल्याखेरीज मठात पंगत बसायची नाही.

माथ्यावर मठ, पायथ्याशी मठाची चौकी; नियम तिथेही तोच. ती चौकी बुवांनी नीलकंठाच्या हाती दिली होती. वेदान्त त्याला मुखोद्गत होता, आणि इंजिनही त्याच्या हाताला सरावलेले होते. आळस त्याने ना कधी स्वतःत पाहिला होता, ना दुसऱ्यात सहन केला होता. बुवांना वाटले होते, हा चौकी राखील.

चौकी त्याने राखली. माणसे राहिली नाहीत.

एकेक सेवेकरी निघून गेला. कुणी आईच्या आजाराचे निमित्त सांगितले, कुणी काहीच सांगितले नाही. शेवटचा उरला होता भिवाजी. पूर्वी मालमोटार चालवणारा, नीलकंठाहून वयाने बराच मोठा, घाटाच्या मधल्या वाडीतला. मागल्या पंधरवड्यात तोही घोंगडे खांद्यावर टाकून चालता झाला.

“भिवाजीनेही नियम मोडला,” नीलकंठ म्हणाला. “चौकीत माणसे होती तेव्हा एक ट्रक दिवसभर अडून पडला होता. तो हलण्याआधीच हा जेवला. मी स्वतः पाहिले. ट्रक गेल्यावर पंगत बसली, तेव्हा सर्वांदेखत त्याला उठवले… उठवायला नको होते?”

बुवांनी आणखी एक खडा शोधला.

“चौकी परत घ्या, बुवा. मला वर ठेवा. मी पोथ्या नकलून काढीन, भांडी घाशीन. माणसे माझ्याच्याने होत नाहीत.”

“घेतो,” बुवा म्हणाले.

इतक्या लवकर होकार येईल, असे नीलकंठाला वाटले नव्हते.

“खाली येऊन घेतो. चौकी पाहिल्याशिवाय कशी घ्यायची? आधी नवा पट्टा चढव.”

*

इंजिनाच्या पुढल्या तोंडाशी एक काळा रबरी पट्टा फिरतो. पंखा, पाण्याचा पंप आणि डायनमो या तिघांना तो एकाच ओढीत फिरवतो. चढवायला सोपा. डायनमो आत ढकलायचा, पट्टा तिन्ही पुलींच्या खाचांत घालायचा, डायनमो पुन्हा बाहेर ओढायचा आणि पट्टा ताणलेला असतानाच बोल्ट आवळायचा.

नीलकंठ हे काम एकट्याने करी. एका हाताने ओढ आणि दुसऱ्याने आवळणे साधत नाही, म्हणून जीपमध्ये त्याने एक पहार ठेवली होती. ती डायनमोच्या मागे खुपसायची, तिच्यावर मांडीचा भार द्यायचा, की दोन्ही हात बोल्टाला मोकळे.

त्याने पहारीवर भार दिला. पट्टा ताठ झाला. त्याने आणखी भार दिला. पट्ट्यावर बोट आपटले, तर तंबोऱ्यासारखा आवाज आला. मग त्याने बोल्ट आवळला आणि इंजिन सुरू केले.

काही आवाज नाही. घाटभर किंचाळत आलेली जीप आता गरीब गाईसारखी उभी होती.

त्याने समाधानाने हात पुसले.

बुवा ओसरीवरून उतरले. वाटेत स्वयंपाकघरात डोकावले आणि एक लाटणे घेऊन आले. फिरत्या पंख्याला जपून त्यांनी लाटण्याचे एक टोक पाण्याच्या पंपाच्या अंगावर टेकवले.

“ये. दुसऱ्या टोकाला कान लाव.”

नीलकंठाने कान लावला.

“ओरडणे थांबले ना?” बुवांनी विचारले.

“थांबले.”

“मग कण्हतंय कोण?”

लाटण्यातून एक खोल, घोगरा, न संपणारा आवाज येत होता. नीलकंठाला तो नवा नव्हता. गेल्या वर्षी याच आवाजावर त्याने पंप बदलला होता आणि दुकानदाराला चार खडे बोल सुनावले होते.

“पंपाचे बेअरिंग,” तो हळूच म्हणाला. “हाही गेला वाटते.”

“बंद कर इंजिन… आता पट्टा दाब. मधोमध. अंगठ्याने.”

नीलकंठाने दाबला.

“दबत नाही.”

“का?”

“सैल पडू नये म्हणून.”

“पडतो?”

“दर वेळी पडतो, बुवा. नवाकोरा चढवावा, तर थोडा धावला की सैल. मग किंचाळतो. हल्ली मालच तसा येतो. म्हणून मी आधीच…”

“आधीच शिक्षा देऊन ठेवतोस. ती भोगतो पंप.”

अंगणातल्या काटेसावरीवरून एक लाल फूल पडले. त्याचा आवाज दोघांनाही ऐकू आला.

नीलकंठाचे कान तापले. तो काही अडाणी नव्हता.

“अतिताण नको आणि अतिशैथिल्यही नको. ठाऊक आहे मला, बुवा. हे तर मीही शिकवतो.”

“कुणाला?”

खालच्या चौकीत आता फक्त एक चूल होती, आणि तिच्याभोवती कुणीही नव्हते. नीलकंठाने मान खाली घातली आणि पाना उचलला.

“सैल कर,” बुवा म्हणाले. “पुन्हा ताण. पहार नको. मी धरतो.”

बुवांनी बाही सारली. सुरकुतलेला हात डायनमोवर ठेवला आणि तो स्वतःकडे ओढला. जोर असा नव्हताच. लेकराला गर्दीतून जवळ घ्यावे, तितकीच ती ओढ होती. नीलकंठाने बोल्ट आवळला. मग बुवांनी त्याचा अंगठा धरून पट्ट्यावर ठेवला. पट्टा थोडा आत गेला आणि अंगठा उचलताच परत आला.

“इतकाच?” नीलकंठाने विचारले.

“आत्ता इतकाच.”

“धावला की सैल पडेल.”

“पडेल.”

“मग?”

“नवा पट्टा पहिल्यांदा धावतो, तेव्हा पुलीच्या खाचेत बसतो. बसला की थोडा सैल होतो. त्याला आपल्याकडे पट्टा बसला असे म्हणतात. तू काय म्हणतोस?”

नीलकंठाच्या जिभेवर एक शब्द आला होता : बेइमानी. त्याने तो गिळला.

बुवांनी पहार उचलली आणि ओसरीच्या कोपऱ्यात उभी केली.

“ही इथेच राहू दे. मागल्या दाराला अडसर हवाच होता.”

“पण बुवा, पहारीवाचून एकट्याला जमणार नाही.”

“नाहीच जमणार,” बुवा म्हणाले आणि जीपमध्ये जाऊन बसले.

*

उतारावर नीलकंठाचे सारे चित्त कानांत गोळा झाले होते. किंचाळी कधी फुटते, याची तो वाट पाहत होता. मनुष्य ज्या दोषाची वाट पाहत बसतो, तो दोष उशीर करू लागला तरी त्याला राग येतो; नीलकंठाचे तसेच झाले होते.

मधली वाडी दिसू लागली. रस्त्याच्या कडेला भिवाजीचे घर. सकाळी वर जाताना नीलकंठाने इथे मुद्दाम वेग वाढवला होता. पट्टा किंचाळत होता, आणि त्या किंचाळीच्या आडून त्याला पुढे निघून जाता आले होते. आता जीप शांत होती. शांत जीपमधून माणूस कुणाच्या दारावरून न पाहता जाऊ शकत नाही.

“थांब,” बुवा म्हणाले.

“इथे?”

“पहिली धाव झाली. पट्टा पाहून घे.”

“पुढल्या वळणावर पाहतो ना.”

“पुढल्या वळणावर सावली नाही.”

नीलकंठाने जीप कडेला घेतली. इंजिन बंद करून बॉनेट उघडले आणि अंगठा टेकवला. अंगठा मघापेक्षा खोल गेला.

“पडला!” तो म्हणाला. “पाहिलेत? पडला सैल!” त्याच्या आवाजात संताप होता, आणि संतापाच्या तळाशी थोडा विजयही.

बुवा जीपमध्येच बसून होते.

“कुणावर रागावलास?”

नीलकंठाने पुन्हा अंगठा टेकवला. काळ्या रबराच्या त्या निमूट पट्ट्याकडे तो पाहत राहिला. पट्टा घाटभर पंखा फिरवत आला होता, पाणी फिरवत आला होता. इंजिन गार होते. पट्ट्याने काम चोख केले होते, आणि काम करता करता तो आपल्या जागी बसला होता. एवढाच काय तो अपराध.

“बुवा, जरा डायनमो धरता? मी आवळतो.”

“माझे मनगट दुखते आहे.”

“मघाशी तर…”

“मघाशीच दुखावले,” बुवा म्हणाले आणि डोळे मिटून घेतले.

नीलकंठाने सवयीने जीपच्या मागल्या भागात हात घातला. पहार नव्हती. त्याने रस्त्याकडे पाहिले. वर कुणी नाही, खाली कुणी नाही. होता तो एकच माणूस. कुंपणापलीकडे, पाठमोरा, करवंदीच्या फांद्या रचून वई बांधणारा. जीप थांबल्याचे त्याला कळले नसेल, असे नव्हते. ज्या माणसाने आयुष्यभर इंजिने ऐकली, त्याला हे इंजिन ओळखू येणार नाही?

नीलकंठ कुंपणापाशी गेला. आजवर हाक मारायला त्याला कधी विचार करावा लागला नव्हता. “भिवाजी!” म्हटले की हुकूम होई. आज तीच तीन अक्षरे त्याला नव्याने जुळवावी लागली.

“भिवाजी… जरा हात लावता का?”

भिवाजी वळला आणि त्याने आधी आजूबाजूला पाहिले. हाक आणखी कुणाला असावी, तसे.

“मला म्हनताय व्हय?”

“तुम्हालाच.”

भिवाजीने हातातली फांदी खाली ठेवली. काटे झटकले. सावकाश रस्त्यावर आला, इंजिनात डोकावला, मग जीपच्या मागल्या भागात डोकावला.

“पहार हरवली का, म्हाराज?”

“मठात ठेवली.”

“ठिवली, का ठिवाया लावली?”

जीपमध्ये बुवांना गाढ झोप लागली होती. त्यांच्या मिशा मात्र जाग्या असाव्यात, किंचित हलल्या.

नीलकंठाने बोल्ट ढिला केला. भिवाजीने डायनमोवर हात ठेवून तो ओढला. पट्टा ताणला गेला.

“अजून,” नीलकंठ म्हणाला.

भिवाजीने ओढले.

“अजून.”

“बास,” भिवाजी म्हणाला. “ह्याच्या म्होरं म्या न्हाई वढनार.”

नीलकंठाने चमकून वर पाहिले. चौकीत इतके दिवस काढले, पण भिवाजीने कधी ‘नाही’ म्हटले नव्हते. कुणीच म्हटले नव्हते. त्याच्या चौकीत माणसे ‘हो’ म्हणत, आणि मग एके दिवशी घोंगडे उचलून चालू लागत.

त्याने अंगठा टेकवला. पट्टा थोडा आत गेला, परत आला. अजून एकदा ‘अजून’ म्हणावेसे वाटले. तो शब्द त्याने दातांमागे अडवला आणि बोल्ट आवळला.

दोघे हात पुसत उभे राहिले. फडके एकच होते. नीलकंठाने आधी भिवाजीकडे दिले.

“भिवाजी…”

“बोला.”

“त्या दिवशी ट्रकपाशी… तुम्ही काय खाल्लेत?”

नेमके हेच का विचारले, ते त्याचे त्यालाही कळले नाही. भिवाजी हसला, पण ओठांनीच.

“भाकरी आन् लसनाची चटनी. दुसरं काय आसतंय आपल्याकडं?”

“तुम्हाला नियम ठाऊक होता.”

“मला ठावं हुता, आन् त्या डायवरालाबी ठावं हुता. तीच तर आडचन झाली.” भिवाजी फडक्याने बोटे एकेक करून पुसू लागला. “त्येला साखरंची बिमारी. सुई टोचून घेतलेली, आन् पोटात काय न्हाई. हात थरथराय लागलेलं. म्या भाकरी म्होरं केली, तर म्हनतो कसा, ‘माझ्यापायी सगळी चौकी उपाशी, आन् म्या एकट्यानं गिळू? न्हाई जमायचं.’ लई समजावलं. आयकंना. मंग म्याच पयला घास घेतला. म्हनलं, ‘ह्ये बग, आमची पंगत बसली. आता खा.’ तवा खाल्लं त्येनं.”

रस्त्यावरून वाऱ्याने थोडी धूळ उचलली आणि पुन्हा खाली ठेवली.

“हे तेव्हा सांगितले का नाहीत?”

“इचारलं कुटं?”

नीलकंठाच्या डोळ्यांपुढे ती पंगत आली. बसलेली माणसे, मधोमध उभा केलेला भिवाजी, आणि नियमाचे शब्द स्वच्छ, खणखणीत उच्चारणारा आपलाच आवाज. त्या आवाजात एकही उच्चार चुकला नव्हता. आणि त्या खणखणाटाखाली, अगदी खोल, काहीतरी कण्हत होते… ते ऐकायला त्याने कान लावला नव्हता.

त्याने आधी बुवांकडे पाहिले. मग पाहणे सोडले. इथे बुवा कामाचे नव्हते.

“भिवाजी, मी चुकलो,” तो म्हणाला.

भिवाजी फडक्याची घडी घालत राहिला. घडी नीट बसेना. त्याने ती मोडली आणि पुन्हा घातली.

“पानी यायचं आता डोळ्याला, म्हाराज. ह्ये आसलं नगा बोलू भर रस्त्यात.”

“पंप गेला आहे जीपचा,” नीलकंठ घाईघाईने म्हणाला. “चौकीत नवा पडून आहे. बसवायला दोघे लागतील.”

“दोगं लागत्यात,” भिवाजी म्हणाला. “तुमी एकटंच करायचा.”

“म्हणूनच तर पंप जातो.”

भिवाजीने घराकडे पाहिले, अर्ध्या बांधलेल्या वईकडे पाहिले, जीपच्या उघड्या तोंडाकडे पाहिले. मग आत गेला. दारातून त्याच्या कारभारणीचा आवाज आला, “आता कुटं निगालं ह्ये?” आणि त्याचे उत्तर, “आगं, पंप गेलाय त्येंचा!” तो बाहेर आला, तेव्हा खांद्यावर घोंगडे होते.

एक पंप बसवायला घोंगडे लागत नाही. नीलकंठाला ते कळले.

जीपचा दरवाजा वाजला. बुवा खाली उतरत होते.

“बुवा, आपण कुठे? चौकी परत घ्यायची होती ना?”

“पुढली जागा भिवाजीला हवी. तो पंपाचा आवाज ऐकत बसेल.”

“पण आपण वर कसे जाल?”

“चढणारे कुणीतरी भेटेल. नाही भेटले, तर घाटात अडलेला मी. आणि या घरात लसणाची चटणी आहे, असे मघाशी झोपेत ऐकले.”

भिवाजी मोठ्याने हसला आणि घराकडे वळून ओरडला, “कारभारनी, बुवांस्नी भाकरी टाक!” मग पुढे चढून बसला आणि घोंगडे मांडीवर घेतले.

नीलकंठाने बॉनेट लावले. इंजिन सुरू केले. पट्टा फिरू लागला, आवाज न करता. गिअर टाकला, तरी क्लच त्याने सोडला नाही. खिडकीतून बाहेर वाकून, शेजारच्याला ऐकू जाऊ नये इतक्या हळू, त्याने विचारले :

“बुवा… आता टिकेल ना?”

बुवा वईतली अर्धवट राहिलेली फांदी उचलत होते. ते वळले.

“तू किती वेळा थांबणार आहेस, नीलकंठा, हे मला कसे ठाऊक असणार?”